पाव तासाचा माग

दसरा उतरला की म्हैसुरात एक आवाज सुरू होतो. पाहुण्यांना तो माहीत नसतो, कारण तोवर ते गेलेले असतात. लोखंडी शिडी डांबरावरून ओढल्याचा आवाज. चौकाचौकांत माणसं खांबांवर चढतात आणि दहा दिवस जळलेल्या दिव्यांच्या माळा खाली सोडतात. खालचा माणूस ‘मेल्ले, मेल्ले’ म्हणत राहतो. हळू, हळू. तरी दोन-चार दिवे फुटतातच. चामराजपुरममधल्या आमच्या घरासमोरच्या माळा या आठवड्यात उतरल्या. आई गॅलरीत उभी राहून म्हणाली, "गेली बाई शोभा." मी आत निघून आले. हल्ली मला तो आवाज ऐकवत नाही.

पूर्वी असं नव्हतं. माळा उतरल्या की आमचा हंगाम सुरू व्हायचा.

आमचा म्हणजे दोघांचा, माझा आणि नागोजीकाकांचा. हंगाम उल्कांचा. ऑक्टोबरच्या शेवटापासून कार्तिक संपेपर्यंत, पहाटेचा. पण आम्ही उल्का बघायला जातो असं कुणी म्हटलं तर काकांना राग येई. "उल्का कोण पण बघतो," ते म्हणत. "चमकलं, आ केला, मान खाली. अष्टे, एवढंच. मी माग बघतो."

मोठी उल्का जळून गेली की कधी कधी तिच्या वाटेवर एक उजळ रेघ मागं राहते. तो धूर नव्हे. ती रेघ स्वतःच मंद उजळत असते. बहुतेक वेळा दोन श्वासांत संपते. क्वचित मिनिटभर टिकते. त्याहून क्वचित, अंधार खरा असेल आणि नशीब बरं असेल तर, पाच मिनिटं, दहा मिनिटं. आणि ती एका जागी राहत नाही. तेवढ्या उंचीवरही वारे असतात, एका थरात इकडचे, दुसऱ्यात तिकडचे. ते तिला ओढतात. सरळ रेघ आधी वाकते, मग तिला पीळ पडतो, मग गाठ होते, मग चुरगळलेल्या मलमलीसारखा एक पांढुरका डाग उरतो. बाकी कशानंही न दिसणारा वारा तेवढ्या वेळापुरता डोळ्यांना दिसतो. काका म्हणत, हे बघायला काही लागत नाही, फक्त चमक संपल्यावर तिथून नजर काढायची नाही. हेच कुणाला जमत नाही.

मी पत्रकं लिहिते, कानडीतून. उघड्या गटारांवर, बसच्या फेऱ्यांवर, ठेकेदारांनी खाल्लेल्या हजेरीवर. पत्रकाचा नियम सोपा आहे: एक पान, एक मागणी, आणि वाचणाऱ्याच्या डोक्यात खिळ्यासारखं बसेल असं एक वाक्य. ललित लिहायची मला सवय नाही. रूपकांचा तर मला संशय येतो. जबाबदार माणसाला पळायला ती वाट करून देतात. पण दोन वर्षांपूर्वीच्या कार्तिकात मी एक पत्रक लिहिलं, त्यातलं एक वाक्य खोटं होतं. ते वाक्य दुरुस्त करायला पत्रकात जागा नसते. म्हणून हे लिहिते आहे.

काका मला भेटले मंडी मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात. शेजारी मिरचीची वखार आहे, त्यामुळे तिथं शाई वाळायच्या आधी शिंका येतात. मी माझी पत्रकं घ्यायला गेले होते. बाकावर एक उंच, वाळका म्हातारा बसला होता आणि फोनवर सुनेशी मराठीत सुरू करून कानडीत संपवत होता. त्याच्या मांडीवर ताज्या छापलेल्या कागदांचा गठ्ठा होता. कागदांवर नुसते काळे ठिपके.

"रांगोळीचे आहेत का?" मी विचारलं.

"रांगोळीच म्हण. रेघा आपल्याला ओढायच्या." मग माझ्याकडे नीट बघून, "पुण्याकडली काय तू?"

"नाशिकची. म्हणजे आईबाबा. मी चार वर्षांची असल्यापासून इथेच."

"तरी टीव्हीसारखं बोलतेस. आमचं मराठी घोड्यावर बसून आलं, पोरी. खापरपणजोबा राजाच्या घोडदळात. वाटेत अर्धं सांडलं, तिथं कानडी भरलं. समजलं नाही तर विचार, लाजू नको."

ठिपके म्हणजे तारे होते. मघा नक्षत्राचा विळा आणि आसपासचं आकाश. माग दिसला की दर मिनिटाला नवा कागद घ्यायचा आणि त्या ठिपक्यांमध्ये त्या मिनिटाचा माग काढायचा. काकांनी बेळगोळच्या एका कारखान्यात सगळी नोकरी तुकड्यांची मापं तपासण्यात घालवली होती. केसाएवढा फरक पडला तर तुकडा बाजूला. आकाशालाही त्यांनी तीच शिस्त लावली होती. जो बघतो त्यानं लिहायचं नाही, जो लिहितो त्यानं बघायचं नाही. जे काही होईल ते कागदाच्या तळाशी नोंदवायचं: ढग, चंद्र, गाडीचा दिवा, आवाज. आणि रबर वापरायचा नाही. चुकलं तर एक रेघ मारायची, बाजूला खरं लिहायचं, सही करायची. "खोडलेलं दिसलं पाहिजे," ते म्हणत. "नाहीतर तपासणी कसली?"

बघणारे काका होते. लिहिणारी मी. टॉर्चला लाल जिलेटीन कागद गुंडाळून मी कागदावर वाकलेली असायची. म्हणजे खरं सांगायचं तर त्या हंगामांतले बहुतेक माग मी डोळ्यांनी पाहिलेच नाहीत. मी ते ऐकले. "विळ्याच्या दांड्यापासून दोन बोटं खाली. आता डावीकडं वाकली. मधे पातळ होतेय. नोड, नोड, बघ, वरचं टोक वळलं." गवताला दव, पायात चप्पल गार, काकांच्या खिशातल्या लवंगेचा वास, आणि तो खरखरीत आवाज. यंत्रांच्या खडखडाटानं काकांचे दोन्ही कान अधू झालेले. शेजारी उभं राहून बोललं तरच त्यांना ऐकू येई. मी मोठ्यानं ‘मिनिट’ म्हणे, ते पुढचं सांगत.

या सगळ्याची सुरुवात आकाशापासून झालेली नव्हती. सुरुवात सुनेपासून झाली. सावित्रीवहिनी त्याच बेळगोळच्या वसाहतीत दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगला होती. तिचा नवरा लॉरीवर, आठवड्यातले दोन दिवस घरी. पहिल्या पाळीची बस पाच वाजता धरणाच्या रस्त्यावर उभी राहते, आत त्यांच्या वस्तीपर्यंत येत नाही. वळायला जागा नाही म्हणतात. साहेबांच्या गाड्या वळतात. वस्तीपासून थांब्यापर्यंतच्या वाटेवर तेव्हा एकही दिवा नव्हता, म्हणून काका रोज तिला सोडायला जात. बस येईपर्यंत करायचं काय, तर ते वर बघत. एकदा एक रेघ राहिलेली दिसली. मग ते बघतच राहिले. सावित्री ज्या अंधाराला घाबरायची त्याच अंधारात, त्याच वेळी, तिच्या सासऱ्याला आयुष्यातली सगळ्यात सुंदर गोष्ट सापडली. मला हे तेव्हा कळत होतं. पत्रकं लिहिणाऱ्या माणसाला हे कळायलाच हवं. कळून मी काय केलं, हा प्रश्न आहे.

कार्तिकात मी शनिवारी रात्री त्यांच्याकडे मुक्कामाला जाई. स्कूटर घेऊन. आमच्या घरी बाबा म्हणत, "आंदोलनं कमी पडली म्हणून आता आकाश का?" सावित्री मला ‘पत्रकवाली’ म्हणे. रागी मुद्दे, म्हणजे नाचणीचे उकडलेले गोळे, वाढताना विचारी, "काय पत्रकवाली, आज कोणाचं सरकार पाडलंस? आधी हा मुद्दा गिळ बघू न चावता." त्यांच्याकडे आठ वर्षं जेवूनही मला तो न चावता गिळता येत नव्हता. ती हसायची. हसताना तोंडावर हात घ्यायची, उजवा. हा उजवा हात लक्षात ठेवा.

दोन वर्षांपूर्वीच्या त्या रविवारीही तिला पहिल्या पाळीला जायचं होतं. कारखान्याला घाई होती, पाळी लावली होती. आम्ही तिघं निघालो. थांब्याच्या अलीकडे दोनशे पावलांवर एक पडीक मैदान आहे, आमची बघायची जागा. रोजचा रिवाज असा की तिला बसमध्ये बसवायचं आणि मग मागं मैदानात यायचं. त्या दिवशी आम्ही मैदानाशी पोचलो आणि जमीन निळसर झाली. आमच्या तिघांच्या सावल्या गवतावर पडल्या आणि सरकल्या. मी मान वर केली तोवर चमक संपली होती. विळ्याच्या खाली मात्र एक रेघ राहिली होती, हातभर लांब, खडूनं ओढल्यासारखी.

काका जागीच थांबले. त्यांचा हात माझ्या खांद्यावर आला. "घड्याळ," ते म्हणाले.

"मामंजी, बस," सावित्री म्हणाली.

काकांना ऐकू गेलं नाही. मला गेलं. मी पिशवीतून कागद काढत म्हटलं, "वहिनी, तुम्ही व्हा ना पुढे. हे काय, इथेच तर आहे."

"जाते. तुमचं चालू दे," ती म्हणाली. "मामंजींना शाल घ्यायला लाव." आणि गेली. तिच्या डब्याची साखळी थोडा वेळ वाजत राहिली.

माझ्याकडे स्कूटर होती. घराच्या दारात उभी. घरापासून थांब्यापर्यंत ती किती वेळ घेते ते मी नंतर मोजलं.

तो माग पाव तास टिकला. पहिली पाच-सहा मिनिटं नुसत्या डोळ्यांनी, नंतर दुर्बिणीनं. काकांच्या गठ्ठ्यात तसा दुसरा नव्हता. पंधरा कागद झाले. काका बोलत होते आणि त्यांचा आवाज कापत होता; ते रडत होते हे मला उशिरा लक्षात आलं. मी काढत होते. सरळ रेघ, मग वाक, मग पीळ, मग दोन पीळ. मला वाटत होतं की मी आयुष्यात पहिल्यांदा कशाच्या तरी विरोधात नाहीये. इतकं स्वच्छ मला कधीच वाटलं नव्हतं, हे मी इथं लपवणार नाही.

पाच वाजता थांब्यावरून बसचा हॉर्न आला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. तेव्हा आम्ही निघालो.

सावित्री मोरीच्या कठड्याशी बसली होती. बसमधल्या बायका तिच्याभोवती. झाडामागून दोघं आले होते. गळ्यातलं ओढलं, ती झाकण नसलेल्या गटारात पडली, ते शेतातून पळाले. उजवं मनगट दोन ठिकाणी मोडलं होतं. डबा उघडून चित्रान्न चिखलात सांडलं होतं. तिनं आमच्याकडे बघितलं आणि काहीच विचारलं नाही. फक्त काकांना म्हणाली, "शाल घेतली नाहीत."

डॉक्टरांनी सकाळी हात बांधला. दुपारी मी पत्रक लिहिलं. राग आला की मला चांगलं लिहिता येतं. अंधार कुणाचा, असं वर मोठ्या अक्षरांत. बस आत का येत नाही, गटाराला झाकण का नाही, बायकांनी पाच वाजता कामावर यायचं तर उजेड कुणी द्यायचा. सगळं खरं. त्यातलं अक्षरही मी मागं घेत नाही. मग खिळा: ‘या वाटेवर अंधार किती? तुटलेल्या ताऱ्याची रेघ इथं पाव तास दिसते.’ आणि त्याच्या वर, घटनेच्या हकिकतीत: ‘त्या वेळी आसपास मदतीला कुणीही नव्हतं.’

काकांनी पत्रक वाचलं. ‘कुणीही नव्हतं’ या ओळीवर अंगठा ठेवला. मग पेन मागितलं आणि पत्रकासोबतच्या निवेदनावर पहिली सही केली.

खिळा बसला. ज्या कचेरीच्या हातात दिवे होते तिथल्या साहेबांनी ते वाक्य मोठ्यानं वाचून दाखवलं, शेजारच्याला म्हणाले, "नोडप्पा, कसं लिहिलंय." शिमग्याच्या सुमारास दिवे आले. एक उंच मनोरा, डोक्यावर पांढऱ्या दिव्यांचा मुकुट. त्याचा निम्मा उजेड वर जातो. मैदानातून आता मघेचा विळा दिसत नाही. बायका थांब्यावर उभ्या असतात आणि एकमेकींचे चेहरे बघू शकतात. मी तो मनोरा बघून टाळ्या वाजवल्या आणि मग मान वर करून रडले. दोन्ही खरं होतं. पुढची दोन वर्षं मी लोकांना सांगत राहिले: दिवे आले हे बरं झालं, पण दिव्यांनी आमच्या काकांचं आकाश नेलं. ऐकणारे हळहळत. दिवे बसवणाऱ्या ठेकेदारावर राग काढायला मला छान जागा मिळाली होती.

परवा सावित्रीचा फोन आला. दिवाळीच्या सफाईत कपाटावरचा पत्र्याचा डबा निघाला, त्यात कागद आहेत, उंदीर लागायच्या आत घेऊन जा म्हणाली. मी गेले. काका अंगणात लसूण सोलत होते. गुडघे गेले आहेत, नजर शाबूत आहे. सावित्री आता कारखान्याच्या फाटकावर वही सांभाळते. पॅकिंगला त्या मनगटाची पकड पुरत नाही. थंडीत ते दुखतं. हसताना ती आता डावा हात तोंडावर घेते.

मी नेहमीप्रमाणे सुरू केलं. नवं पत्रक काढते आहे, मनोऱ्यावरच्या दिव्यांना टोप्या बसवा, उजेड खाली पाडा, आकाश परत द्या. "दिव्यांमुळे काकांचं बघणं बंद झालं, त्याची कुणाला लाज नाही."

"दिव्यांमुळे?" सावित्री म्हणाली. "दिवे शिमग्याला आले गं. मामंजींनी डबा वर ठेवला तो त्याच कार्तिकात. कागद साफ उतरवायला बसले होते. सातवा वाचला आणि सगळे बंद करून ठेवले. मी बघितलं नं."

काकांनी लसणाची पुढची पाकळी सोलायला घेतली.

"एक विचारू पत्रकवाली? दोन वर्षं विचारायचं राहिलं. तुझ्या पत्रकात आहे, आसपास कोणी नव्हतं. खाली आहे, तारा पाव तास दिसतो." ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. "कोणी बघितला गं पाव तास?"

काकांनी ओठांवरून ओळखलं असावं. "सावित्री, इरली," ते म्हणाले. राहू दे.

"दोन वर्षं इरलीच केलं, मामंजी."

माझ्याकडे राग नेहमी तयार असतो. त्या क्षणी हात घातला तर होताच. फक्त त्यावर लिहायला कुणाचा पत्ता नव्हता. तिनं डबा उघडून सातवा कागद काढला. तिची शाळा कानडी, मराठी अक्षरं ती हिंदीच्या जोरावर लावते, बोट ठेवून. वर ठिपके, मधे माझी रेघ, दोनदा पिळलेली. तळाशी माझं अक्षर.

"खा-लून आ-वाज," ती वाचत गेली. "दोन-शे पाव-लं. कु-त्रं अ-सा-वं."

समोरच्या घरात कुणीतरी नळ सुरू केला. बादली भरत गेली.

मला कुणीतरी ओरडायला हवं होतं. ती ओरडली नाही. काकांनी लसणाचे हात धोतराला पुसले, खिशातून पेन काढलं आणि माझ्यापुढे धरलं. "रबर नाही," ते म्हणाले.

मी ‘कुत्रं असावं’वर एक रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘सावित्री.’ खाली सही केली. कागद तिच्याकडे दिला. मला वाटलं झालं.

तिनं तो बघितला. "मी दोनदा ओरडले," ती म्हणाली. "आधी मामंजींना. मग आठवलं त्यांना ऐकू येत नाही. म्हणून तुला. नाव घेऊन."

डब्यातून तिनं आठवा कागद काढून माझ्या मांडीवर ठेवला. त्याच्या तळाशी काहीच नव्हतं. कोरी पट्टी. वर माझ्या हातची रेघ होती, तिची गाठ व्हायला लागलेली, सगळ्या पंधरात सगळ्यात सुबक.

"ऐकलं असेल तर लिही," काका म्हणाले. "नसेल ऐकलं तर लिहू नको. न बघितलेलं लिहायचं नाही."

ही त्यांनी दिलेली वाट होती. त्यांना ती खरोखर द्यायची होती. सावित्रीही माझ्याकडे बघत नव्हती, अंगणातल्या सालींकडे बघत होती. मी म्हटलं असतं, नाही ऐकलं, तर दोघांनी ते मानलं असतं, आणि सावित्रीनं चहा ठेवला असता.

मी आठव्या कागदाच्या तळाशी लिहिलं: ‘दुसरा आवाज. माझं नाव. ऐकलं.’ आणि सही केली.

सावित्रीनं कागद डाव्या हातात धरला, शाई वाळेपर्यंत त्यावर फुंकर घातली, आणि सातव्याच्या खाली ठेवला.